नवसाची बाटली

माघी चतुर्थीचा उपास अंगावर आला, की गिरजाबाईला सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं दिसे. रोह्याच्या त्या मंडपातली माणसं आज तशीच हलत होती. उदबत्तीचा धूर, त्यात मिसळलेला स्पिरिटचा वास, पडद्याआड रक्तदान शिबिराच्या खाटा. नवसाच्या नारळाचं ताट मांडीवर घेऊन ती गणपतीसमोर बसली होती.

नवस रक्ताचाच होता. लेक नूतन बाळंतपणात हातची जात होती, ती कुणा परक्यांच्या दोन बाटल्यांनी परत आली. "माझ्या घरचं रक्त तुझ्या दारात देईन," असं गिरजाबाईनं तेव्हा बोलून ठेवलेलं. तिचं वय उलटलेलं, तिचं घेत नव्हते. देणारा घरात एकच, धाकटा निकेश.

तो पडद्याआडून आला. बाही वर दुमडलेली, पण हातावर कापूस नव्हता.

"इतक्यात झालं?"

"नाय घेतलं, आई."

"ताप हाय का काय?" तिनं त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ थंडगार होतं.

तो शेजारी सतरंजीवर बसला. "मला काय झालेलं नाय. त्यांनी विचारलं, पुरुषासंगं संबंध हाय का. मी व्हय म्हणालो. मग नाय घेत. आज नाय, कधीच नाय. तसा नियम हाय."

गिरजाबाई ताटातली जास्वंद उगाच सारखी करत राहिली. पेणहून एक मुलगा घरी येतो. तिच्या हातची तांदळाची भाकरी मागून घेतो, जाताना पाया पडतो. ते दोघं पडवीत बोलत बसले, की आत चुलीपाशी तिला बरं वाटायचं. का बरं वाटतं, हे तिनं स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

"हर्षद?"

"व्हय."



"नाय म्हणायचं होतंस रे," ती पुटपुटली. "कोण बघायला येणार होतं? माझा नवस तरी फिटला असता."

"तुझ्या नवसाचं होतं, म्हणूनच खोटं नाय बोलवलं गो."

आरतीची तयारी करणारा कमळाकर पुजारी जवळ आला. "काय गिरजाबाई, दिलं का पोरानं? नारळ वाढवायचा ना?" बोलता बोलता त्याची नजर निकेशच्या कोऱ्या हातावर गेली.

गिरजाबाईनं मान वर केली. मूर्ती पेणच्या कारखान्यातली. तिथं रंग कुणीही लावो, डोळ्यांची आखणी हर्षदच करतो. त्याचा कुंचला टेकेपर्यंत ती नुसती माती असते. ते डोळे आता निकेशवर होते. उपासाच्या धुकट नजरेनं तिनं पुन्हा पुन्हा निरखलं, पण त्यांत राग काही सापडेना.

"यानं दिलं," ती म्हणाली. "त्यांनी नाय घेतलं."

मग नारळ उचलून तिनं लेकाच्या हातात ठेवला.

"वाढव बाबा. देव बघतोय."