एकशे त्रेसष्टावा पंप

एकशे त्रेसष्टाव्या पंपाच्या पडद्यावर आकडा पाचच होता, पण मोटर पन्नासच्या वेगाने फिरत होती. नीलम खुर्चीतून उठलीच.

पंप खरा नव्हता. रुग्णाच्या शिरेत औषध सोडणाऱ्या पंपाचं सॉफ्टवेअर तेवढं खरं. चिप, मोटर, बॅटरी सगळं तिने कॉम्प्युटरमध्येच उभं केलं होतं. असे दोनशे पंप सकाळपासून एकदम चालू होते आणि प्रत्येकाची वीज ती वेगळ्या क्षणी तोडत होती, एकमेकांत सेकंदाच्या हजाराव्या भागाचा फरक ठेवून.

मार्चमध्ये शहरातल्या अड्यार भागातल्या एका हॉस्पिटलात वीज गेली, खरा पंप बॅटरीवर आला आणि एका रुग्णाला दहापट औषध गेलं. तो वाचला. ड्यूटीवर शशिकला नावाची नर्स होती. आपण पंपावर आकडा पाचच लावला होता, असं ती शेवटपर्यंत सांगत राहिली. पंप बनवणाऱ्या कंपनीच्या सिरुसेरीतल्या ह्या ऑफिसात नीलमचा सहकारी कौशिक याने पंपाची वायर तीनशे वेळा उपटून पाहिली. काहीच घडलं नाही. चूक नर्सची, असा अहवाल त्याने लिहिला. शशिकलाची नोकरी गेली.

नीलमने कौशिकला हाक मारली. तिचा आवाज ऐकून आणखी चौघं उठून आले. कौशिकने कॉम्प्युटरमधल्या पंपाचं घड्याळ मागे नेऊन तोच क्षण स्वतः चालवून पाहिला. बॅटरी लागता लागता मोटरकडे जाणाऱ्या ५.० ह्या आकड्यातलं दशांशचिन्ह गळून ५० होत होते.

कुणीतरी म्हणालं, की हॉस्पिटलात मात्र चुकून हात लागला असेल.

“ह्या पंपाला कुणाचा हात लागला?” कौशिक म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

नीलमने लगेच शशिकलाला फोन केला. तासाभरात ती आली. ऑटोतून उतरून जवळजवळ धावतच वर आली. नीलमने तिला आपल्या खुर्चीत बसवलं.

“अक्का, हे बघा.”

पडद्यावर पाच. मोटर पन्नास. शशिकलाने खुर्ची पडद्याजवळ ओढली.

“परत दाखव,” ती म्हणाली.

नीलमने परत दाखवलं. मग आणखी एकदा. दर वेळी पंप त्याच क्षणी, तसाच चुकला. तिसऱ्या खेपेला मागच्यांनी टाळ्या वाजवल्या. शशिकलाने वळून पाहिलं नाही.

“परत.”

सातव्यांदा कळ कौशिकने दाबली.