डावा बर्नर

चाळीस वर्षं लोकांच्या गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणाऱ्या तात्यांना आताशा आपण मघाशी जेवलो की नाही, हेही आठवत नसे. रिकामे बसले की जीव घाबरा व्हायचा त्यांचा. म्हणून लेकीने एक युक्ती काढली होती. ऑफिसला निघताना ती सिलिंडर बंद करून त्याच्या कपाटाला कुलूप घालायची, जुन्या शेगडीच्या बर्नरखालची ठिणगीची वायर हळूच उपसून ठेवायची आणि म्हणायची, "तात्या, डावा बर्नर परत पेटेना झालाय. बघता का जरा?"

"धड वापराल तर शपथ," असं पुटपुटत तात्या स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायचे. खरं तर हे काम म्हणजे त्यांच्या डाव्या हाताचा मळ. तरी ते आधी पिन घासायचे, बटण उघडून पुसायचे, मग कुठे वायर खोचायचे. संध्याकाळी लेक आली की तिला टिकटिक ऐकवायचे. "झाली बघ. बाप आहे म्हणून निभतंय तुझं."

सात महिने रोज हेच चाललं होतं.

आज ती आली तेव्हा शेगडी ओट्यावर उलटी पडलेली होती. स्क्रू ओळीने मांडलेले होते आणि वायर तशीच लोंबत होती. तिला बघून तात्या अदबीने उठून उभे राहिले.

 

"ताई, ओळखीचा कुणी मेकॅनिक असेल तर बोलवा ना. माझी मुलगी दमूनभागून येईल आता, भुकेली असेल."