वासंतीच्या गळ्याशपथ

“हे काय हाय, दाजी?”

हिंदुरावानं बाटली दिगंबरच्या पुढ्यातल्या वर्तमानपत्रावर ठेवली. तांदळाच्या डब्यामागून त्यानंच ती हुडकून काढली होती. निम्मी रिकामी होती.

“बाटली,” दिगंबर म्हणाला.

“ते दिसतंय. कशाची?”

“राय व्हिस्की. लेबलावर लिहिलंय.”

“राई म्हंजे मोहरी ना?”

“मोहरी नव्हे. वेगळं धान्य असतं ते, गव्हाच्या गोतातलं. पण पर्वत करायला चालेल तुम्हाला.”

हिंदुराव हसला नाही. दिगंबरच्या बायकोचा, वासंतीचा, हा धाकटा भाऊ मांजरी गावचा, मार्केट यार्डात त्याचा कांद्याचा गाळा. वरच्या मजल्यावरच्या श्यामलाबाईंनी फोन केला म्हणून धंदा टाकून भरदुपारी कसबा पेठेत आला होता. या श्यामलाबाईंना स्वतःच्या घरापेक्षा दुसऱ्याच्या घरातलं फार स्वच्छ दिसतं.

“लहान तोंडी मोठा घास घेतो, दाजी. वाईट वाटलं तर वाटू द्या. दारात पाय ठेवला नि भपकारा आला. दिवसाढवळ्या! आक्काचं तोंड बघा जरा. डोळं रडून रडून लाल झाल्यात.”

वासंती चहा घेऊन आली. बशीत कप खडखडत होता.

“हात कसा कापतोय बघा तिचा. भ्यालीय बिचारी.”

पित्तावर म्हणून तिच्या तोंडात सदा वेलदोडा असे. तो चघळत ती खाली बघत उभी राहिली.

दिगंबर काय सांगणार, कपाळ? बुधवार पेठेतल्या रेडिओच्या दुकानात जन्म गेला, पण कुणी बोट दाखवलं नव्हतं. रिटायर झाला, एकदा वाईन शॉपची पायरी चढला, आणि संपलं. आळीत दारुडा म्हणून नाव पडलं. आता तो लांबून दिसला की दुकानदार ‘काका, तुमची राय’ म्हणत बाटली कागदात गुंडाळायला घेई. देवळातून येणाऱ्या बायका पदर सावरून कडेनं जात. त्याला मेल्याहून मेल्यासारखं होई.

राय मात्र भली होती. स्वस्तातली, मिश्रणाची, साहेब लोकांनी नाक मुरडावं अशी. पण पहिला पेला नुसता घ्यावा, त्यात पाणी नको नि बर्फही नको. आधी जिभेला गोडसर लागते, मग मिऱ्यासारखी झोंबते, नि उतरताना भाजलेल्या पावाचा वास मागे ठेवते. दुसऱ्या पेल्यात आल्याचा रस, लिंबू आणि वर सोडा. लिंबू जास्त पडलं की सगळं तिखट मरतं. हे दिगंबरला पाढ्यासारखं पाठ होतं.

“मी आक्काला न्यायला आलोय,” हिंदुराव म्हणाला. “आजच. आक्का, पिशवी भर.”

वासंती नसती तर या दोन खोल्या त्याला खायला उठल्या असत्या. तोंड उघडावं तर अब्रू जाणार, गप्प बसावं तर वासंती जाणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

“हिंदुराव, नका नेऊ तिला,” तो म्हणाला. एवढंच त्याला सुचलं.

“मग आक्काच्या गळ्याला हात लावा. नि म्हणा, दारूची बाटली पुन्हा या घरात येणार नाही.”

दिगंबर उठला. त्याचा हात अर्ध्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. शपथ मोडली तर जिच्या गळ्याची घेतली ती मरते, असं त्याची आई सांगायची. तो ते अजून मानत होता. वासंतीनं वर पाहिलं. ती खरंच घाबरली होती.

“बघितलंस, आक्का? हात उचलंना माणसाचा.”

“भाऊ,” वासंती हळू आवाजात म्हणाली, “घरात येणार नाही असं कशाला वदवतोस? उद्या एखादा पाहुणा घेऊन आला तर शपथ मोडायची यांची, नि मरायची मी. थेंबभरसुद्धा तोंडात घेणार नाही, एवढंच म्हणू दे.”

हिंदुरावाचे डोळे भरून आले. “अजून त्यांचंच बघतीस. देवमाणूस हायस तू.”

दिगंबरनं वासंतीच्या गळ्याला हात लावला.

“वासंतीच्या गळ्याशपथ, जन्मात एक थेंब तोंडात घेणार नाही.”

एका दमात म्हणाला. हात हलला नाही की आवाज हलला नाही. हिंदुराव बघतच राहिला. इतक्या सरळ शपथेची तयारी करून तो आला नव्हता.

“चला, घोर मिटला. ही मोरीत ओततो,” म्हणत त्यानं बाटली उचलली.

“नको रे, मोरीला वास राहील. ठेव तिथंच,” वासंती म्हणाली. “मी बघते तिच्याकडे.”

हिंदुराव दोघांच्या पाया पडला. जिन्यात श्यामलाबाई उभ्याच होत्या. “दाजींनी सोडली,” असं त्यांना अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगून तो गेला.

दिगंबरनं दार लावलं. कडी घातली, खिडकी ओढून घेतली. मग फळीवरचा काचेचा पेला काढला, बाटलीचं झाकण फिरवलं आणि दोन बोटं राय ओतली.

वासंती बघत होती. एकदा तरी ‘नको’ म्हणेल म्हणून तो जरा थांबला. ती म्हणाली नाही.

त्यानं पेला तिच्यापुढे ठेवला.

वासंतीनं वेलदोडा काढून बशीत ठेवला, डोळे मिटून पहिला घोट घेतला, आणि म्हणाली, “ही आजच्यापुरतीच आहे हं, अहो. उद्या नवी आणा. आणायची नाही, असं काही तुम्ही म्हणाला नाहीत.”