दरडीखाली

काठ नदीला, किनारा समुद्राला.

ढिगाऱ्यातून निघालेला एक बूट. मास्तरांचा नव्हे.

भाजी चिरतात, कागद कापतात.

कागदी कपातला चहा, साय धरलेला.

कुलूप घालतात, लावतात ते दार.

मास्तरांच्या बायकोच्या डोक्यात मास्तरांची शब्द दुरुस्त करणारी वाक्यं माशीसारखी घोंगावत होती. घाटरस्त्यावर डोंगराचा तुकडा खाली आला होता आणि सकाळपासून यंत्रं माती उपसत होती. भूगोलाच्या निवृत्त मास्तरांचा फोन तिलाच आला होता. "दरडीखाली आहे. पाय अडकलाय." मग फोन बंद. दरड कोसळली होती ती इथेच, म्हणून सगळे इथेच धावले.

ती प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होती. रडायचंही त्राण नव्हतं. लग्न झाल्यापासून या माणसाने तिचं एक वाक्य धड पुरं होऊ दिलं नव्हतं. पाहुण्यांसमोरसुद्धा.

"कोसळली ती दरड नव्हे," ती एकदम म्हणाली.

"काय, काकू?" बचाव पथकाचा प्रमुख वळला.

"कोसळला तो ढिगारा. कडा दगडाचा. उतारावरून चालता येतं. आणि दरड म्हणजे नदीने खालून खाल्लेला मातीचा उभा काठ. हे दुसऱ्या अर्थाने तो शब्द वापरणारच नाहीत. जीव गेला तरी नाहीत."

दीर उसळला. "वहिनी, तिकडे दादा गुदमरतोय आणि तुम्ही शब्दांचा कीस काढताय! लागला म्हणायचा दादाचा वारा."

"लागलाच आहे. खालच्या नदीकडे माणसं पाठवा. पावसाने पाणी चढतंय."

प्रमुखाने ढिगाऱ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग निम्मी माणसं दोर घेऊन नदीकडे धाडली. तीही त्यांच्यामागून गेली.

वळणावरच्या उभ्या काठाखाली मास्तर सापडले. पाय ओंडक्यांत अडकलेला, पाणी छातीला लागलेलं, ओठ निळे. वर काढल्यावर त्यांनी धापा टाकत विचारलं, "इतका वेळ कुठे होतात?"

"ढिगारा उपसत होतो," दीर म्हणाला.

"ढिगारा? स्पष्ट दरड म्हटलं होतं मी."

"गप्प बसा हो," ती म्हणाली, आणि त्यांचं डोकं पदराने खसाखसा पुसू लागली.

सकाळी फोन आला तेव्हा ती त्यांना कायमची सोडून, बॅग घेऊन, धाकट्या बहिणीच्या दारात उभी होती.