रेडिओवरचा रुमाल

धावड्याला नांदायला गेलेली मथुरा शेणपाणी-भाकरीतून सवड काढून क्रोशाचे रुमाल विणायची अन् बाजाराला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती माहेरी केदारखेड्याला धाडायची. माय गोजरबाई ते रेडिओवर पांघरून आल्यागेल्याला दाखवायची, "माझ्या लेकीची वीण, जसा जाईचा ताटवा!"

या खेपेचा रुमाल मात्र वेडावाकडा होता, कुठं सैल, कुठं नुसत्या गाठी. चार बाया हसल्या. गोजरबाईनं तो निरोपासकट माघारी धाडला, "सासरी काम कुणाला न्हाई? म्हणून का हात बिघडू द्यावा? उसव अन् बराबर वीण."

पंचमीला मथुरा माहेरी आली. आल्या आल्या तिनं रुमाल मायच्या मांडीवर ठेवला. "उसवून परत विणला, माय. आता बरा हाय का?"

"आता कसं! आता दाखवते एकेकीला." गोजरबाई खुलली अन् तिनं लेकीला बांगड्या भरायला कासारणीपुढं बसवलं.



कासारणीनं बांगडी चढवायला मथुरेचा उजवा पंजा दाबला अन् एकदम सोडून दिला, "गोजरबाई, हिची बोटं मोडून वाकडीच जुळलीत. कुणी मोडली?"