अडकलेला आदेश

“हिसका मारून काढा की मॅडम. पाचच्या आत हा तुरुंगाच्या जामीनपेटीत पडला नाही, तर सुटका थेट सोमवारी,” शिपाई बाबर हेल्मेट घालूनच दारात उभा होता.

सुटकेचा आदेश प्रिंटरच्या गरम रोलरमध्ये निम्मा अडकला होता. कोर्टातल्या लिपिक हेमांगीने वीज बंद करून मागचं झाकण उघडलं. कागद फाटला, तर तुकडा आत राहणार आणि पुढचा प्रत्येक कागद तिथेच अडणार. दोन्ही हातांनी, कागदाच्या चालीनेच ती तो हळूहळू ओढत राहिली. बोट रोलरला भाजलं तरी तिने घाई केली नाही. ज्याच्या सुटकेचा हा आदेश होता, त्या कैद्याची बायको बाकावर बसून तिच्या हातांकडे बघत होती.

कागद अखंड निघाला. त्याच्या कोपऱ्यात स्टेपलरची पीन होती. कच्च्या मसुद्यांसाठी सकाळी हेमांगीनेच ट्रेमध्ये पाठकोरे कागद भरले होते. सगळ्या पिना काढल्यात, असं तिला वाटलं होतं.

तिने कोरे कागद भरले. आदेश निघाला, साहेबांची सही झाली आणि बाबरची मोटरसायकल सुटली.

पाच वाजायच्या आत फोन आला.

“पडला पेटीत,” बाबर म्हणाला.

कैद्याची बायको उठली आणि हेमांगीचं भाजलेलं बोट हातात घेऊन त्यावर फुंकर घालू लागली.

“पीन माझ्याकडूनच राहिली होती,” हेमांगी म्हणाली.

“असू द्या ताई. कोर्टाचे एवढे हेलपाटे घातले, पण ‘माझं चुकलं’ म्हणणारं माणूस आजच भेटलं.”