आग्रह

तिसऱ्या टेकलाही वच्छलामावशी फोडणीची पळी घेऊन फ्रेममध्ये आलीच.

"कट," गौरांग म्हणाला. मोठ्याने म्हणायचीही सोय नव्हती. घर मावशीचं, स्वयंपाकघर मावशीचं, डाळीचे गोळे घालून शिजवलेला गोळाभात मावशीच्या हातचा, आणि सकाळपासून सगळ्यांच्या चहाचे कपही तीच विसळत होती. एवढ्या मोठ्या निर्मातीवर कोणता दिग्दर्शक ओरडेल?

फिल्म नऊ मिनिटांची. तिचा शेवट एवढाच, की बायको गेल्यावर एक म्हातारा पहिल्यांदा एकटा जेवायला बसतो. ताट रिकामं होतं. आणखी हवं का, असं विचारायला कोणी नसतं. तो दाराकडे बघतो आणि उठतो. संवाद नाही, संगीत नाही. हे दृश्य गौरांगने चार महिने डोक्यात वागवलं होतं, आणि आता नंदनवन वस्तीतल्या या स्वयंपाकघरात येऊन त्याचं घोडं अडलं होतं. रिकामं ताट दिसलं की मावशीचे पाय आपोआप चालू लागत.

पहिल्या टेकला ती सरळ पातेलं घेऊनच आली. दुसऱ्या टेकला तिने आतून फक्त हात पुढे केला, आणि तोंड दिसलं नाही तर बिघडलं कुठं, असं वर विचारलं. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

"मावशी, त्याची बायको गेली आहे ना," गौरांग पुन्हा समजावू लागला. "त्याले वाढाले घरात कोणीच नाही. तेच तर दाखवून राहिलो मी."

मावशीला गोष्ट कळली होती. पटली नव्हती.

"बायको गेली, मान्य. मंग शेजारपाजारचे कुठी गेले? माणूस कोरडा भात खाऊन राहिला अन् कोणी इचारून नाही राहिलं, हे कोणाले खरं वाटन गा?"

आवाजाचं काम बघणारी भैरवी हेडफोन सावरत गालातल्या गालात हसली. गौरांगला हसू येईना, कारण मावशीचं बोलणं त्याच्या पटकथेपेक्षा खरं वाटत होतं.

पण वाद घालायला वेळ नव्हता. पश्चिमेच्या खिडकीतून ताटावर पडणारं ऊन पाटाच्या कडेपर्यंत सरकलं होतं. भाड्याने आणलेला कॅमेरा संध्याकाळी परत करायचा होता. पातेल्यात आता एका ताटापुरताच भात उरला होता. आणि म्हाताऱ्याचं काम करणारे मधुकरराव, जे पस्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात नोकरी करून उरलेल्या वेळात नाटकं करत आले होते, त्यांनी पट्टा दोनदा सैल केला होता. वच्छलावहिनींच्या हाताला अशी चव आहे की खाण्याचा नुसता अभिनय करताच येत नाही, अशी त्यांची तक्रार होती. हा टेक बिघडला तर फिल्मला शेवटच नव्हता.

शेवटी भैरवीने तोड काढली. माइक स्टँडला लावला आणि ती मावशीला घेऊन दाराआड उभी राहिली. मावशीच्या पदराचं टोक तिने मुठीत धरलं. मावशीनेही शहाण्यासारखी पळी खाली ठेवली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले.

"अ‍ॅक्शन."

मधुकरराव जेवू लागले. त्यांनी गोळा कुस्करला, वर चिंचेचं सार ओतून घेतलं, एकेक घास सावकाश खाल्ला. दाराआड मावशीची चुळबुळ चालली होती. भात अर्धा झाला, तेव्हा पदर ताणला गेला. भैरवीने मूठ घट्ट केली. मावशी थांबली.

ताट रिकामं झालं. मधुकररावांनी कडेला राहिलेलं शीतही बोटाने टिपून तोंडात टाकलं. आता दाराकडे बघायचं आणि उठायचं. पण ते उठले नाहीत. त्यांनी मान वरही केली नाही. पुढे वाकून त्यांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले, पंगतीत धरतात तसे, आता नको म्हणून.

कोणी आलं नाही.

हात तसेच राहिले. गौरांगने हे लिहिलं नव्हतं, त्याला ते कधी सुचलंही नसतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्याला ते दोन हातच दिसत होते, आणि त्यांच्या आसपास नसलेलं माणूस.

बऱ्याच वेळाने मधुकररावांनी मान वर केली. दार रिकामं होतं. मग त्यांना आपण काय केलं ते कळलं, आणि त्यांचा चेहरा ओशाळला.

"चुकलं गा माझं," ते गौरांगला म्हणाले. "मले वाटलं, आल्याच त्या."

गौरांगला कट म्हणायचंही सुचलं नाही. भैरवीची मूठ कधी सैल पडली ते तिलाही कळलं नव्हतं.

वच्छलामावशी आत आली. तिच्या हातात झाकण ठेवलेली वाटी होती. तिच्या स्वतःच्या जेवणापुरता तिने बाजूला काढून ठेवलेला भात. ती सकाळपासून जेवलीच नव्हती, हे तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं.

"थोडासाच," ती म्हणाली.

कॅमेरा चालूच होता. मधुकररावांनी ताटावरचे हात बाजूला घेतले.